बोचक्याचं फडकं

महिपत दारात येऊन उभा राहिला तेव्हा विनीताच्या तोंडात पाच टाचण्या होत्या. त्यामुळे त्याचं म्हणणं तिला मुकाट्याने पुरतं ऐकावं लागलं. "ताई, त्या बोचक्याचं फडकं आईनं माघारी मागितलंय," तो म्हणाला, आणि चपला काढू का नको अशा विचारात उंबऱ्याशीच घुटमळला. बस्स, एवढंच. वैशाखातली गुरुवारची सकाळ, महाडच्या त्या गल्लीत आत्ताच ऊन तापायला लागलेलं, चवदार तळ्याच्या बाजूने भाजीवाल्याची आरोळी येत होती, आणि हा माणूस पोलादपूरच्या डोंगरावरून पहिल्या गाडीने उतरून एक फडकं मागायला आला होता. विनीताने एकेक टाचणी ओठांतून काढून उशीत खोचली. पाचवी खोचेपर्यंत तिला आठवलं की फडकं म्हणजे कोणतं, आणि ते आता कुठे आहे. ते समोरच होतं. दाराशेजारच्या पुतळ्याच्या अंगात, बिनबाह्यांचं जाकीट होऊन, हिरव्या चौकडीची पाठ आणि लाल काठाची गळपट्टी मिरवत ते महिपतच्या हातभर अंतरावर उभं होतं. महिपतने त्याच्याकडे पाहिलंही. पण बाईच्या आकाराच्या पुतळ्याकडे फार वेळ बघणं बरं दिसत नाही म्हणून बिचाऱ्याने मान वळवली.

"हाय ना फडकं?" त्याने विचारलं.

"आहे की!" विनीता म्हणाली. आपला आवाज इतका मोकळा कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "धुवायला टाकलंय. तुम्ही कशाला हेलपाटा घालता? मीच आणून देते, रविवारी."

"रविवारी चालंल. पुढल्या शुक्रवारी लगीन हाय, सुप्रियाचं. माझ्या पोरीचं." तो हसला, पण त्याच्या हसण्यात जीव नव्हता. "तवा रविवारी आनाच हां ताई. नाय म्हनू नका." आणि चहा नको, पाणी नको, उन्हात बाहेर पडला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत विनीता पुतळ्याला पाठीशी घालून उभी राहिली.

सेहेचाळीस वर्षांची बाई ही. नवरा अवधूत महाडच्या कोर्टात वकिली करतो, मुलगा शिकायला बाहेर, आणि घराच्या पुढच्या खोलीत गेली तीन वर्षं हा तिचा कारखाना. कारखाना कसला, दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि उज्वला. बाहेर पाटी आहे, 'पुन्हा'. जुनी लुगडी, पातळं, चादरी, सदरे, पडदे, जे घरात नकोसं झालं ते इथे यायचं आणि जाकिटं, झगे, पिशव्या, लहान पोरांची अंगडी होऊन बाहेर पडायचं. पूर्वी हेच कपडे बोहारीण घेऊन जायची आणि त्यावर एखादं पातेलं द्यायची. विनीता पातेली देत नाही. ज्या घरून बोचकं आलं त्या घराला त्यातलंच काहीतरी शिवून परत पाठवते, कुणाला गोधडी, कुणाला नातीसाठी परकर. गावोगावच्या बायांना हे आवडलं. तुडीलपासून पोलादपूरच्या माथ्यापर्यंत एसटीच्या कंडक्टरच्या हातून बोचकी यायला लागली. शहरातल्या बायांनाही ते आवडलं, पण वेगळ्या कारणाने. त्यांना प्रत्येक कपड्यामागची गोष्ट हवी असायची. चिठ्ठीवर लिहून द्या म्हणायच्या. विनीता लिहायची, 'एका डोंगरी घरातलं हातमागाचं लुगडं, वय अंदाजे साठ वर्षं.' खोटं काही नव्हतं त्यात. आज मात्र तिला त्या अंदाजे शब्दाची लाज वाटली. अंदाज कुणाचा, तर जिने ते एकदाही विचारलं नाही तिचा.

बोचकं तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. तिने सोडून बघितलं तर आत नायलॉनच्या साड्या, एक विरलेली सतरंजी, शाळेचे दोन गणवेश, आणि या सगळ्याला बांधून आणलेलं फडकंच सगळ्यांत देखणं. जाड सुताचं, गर्द हिरवं, धुऊन धुऊन दुधावरच्या सायीसारखं मऊ झालेलं, मधे एका ठिकाणी बारीक जोड. एका कोपऱ्याला सुपारीएवढी गाठ होती. ती सुटेना म्हणून तिने दातांनी सोडवली. आतून तांदळाचे दहा-बारा दाणे निघाले. कधीतरी बांधले असतील आणि विसरले असतील, तिने मनाशी म्हटलं आणि ते खिडकीच्या कट्ट्यावर टाकले. चिमण्या आल्याच लगेच. मग तिने फडकं टेबलावर अंथरलं, खडूने रेषा मारल्या आणि कातर चालवली. कातर चालवताना तिला नेहमी होतो तसाच आनंद झाला होता, हे तर आज फारच टोचायला लागलं. शेजारणीचा वाडगा आला तर तो रिकामा परत करायचा नाही, साखर तरी घालायची, हे तिला आईने शिकवलं होतं. डबा परत द्यायचा असतो, ताट परत द्यायचं असतं, लग्नात मागून आणलेली परातसुद्धा घासूनपुसून परत द्यायची असते. पण ज्यात बांधून आलं ते फडकं परत द्यायचं असतं, हे शहाणीला कुणी सांगायला हवं होतं काय?

दुपारी उज्वला जेवून आली. ती मूळची पोलादपूरकडची, वरच्याच अंगाच्या वाडीतली. बोचकं आलं त्या आठवड्यात ती शेतात पालापाचोळा जाळायच्या भाजावळीसाठी माहेरी गेली होती. विनीताने सांगितलं तशी ती मशीनवर बसता बसता थांबली.

"ताई, गाठ व्हती का त्याला?"

"होती."

"आनि तांदूळ?"

"होते."

"अगं आई गं!" उज्वला म्हणाली आणि स्टुलावर बसायची ती जमिनीवरच बसली. "ताई, ते घराचं फडकं गो. लेकीचं."

मग तिने सांगितलं ते असं. त्या वाड्यांमध्ये मुलगी सासरी निघाली की तिचे कपडे पेटीत घालत नाहीत. पेटी नंतर जाते, मागाहून, पुरुषांच्या खांद्यावरून. पहिले दोन कपडे, एक लुगडं आणि एक चोळी, घरच्या फडक्यात बांधतात आणि मुलगी ते बोचकं स्वतःच्या काखेत घेऊन जाते. सासरी गेल्यावर पंधरा दिवसांत तिने फडकं माघारी धाडायचं. रिकामं नाही. कोपऱ्याला सासरच्या तांदळाची गाठ बांधून. म्हणजे मी पोचले, इथे चूल पेटते, मला पोटभर मिळतं. पूर्वी कुठे फोन होते? गाठ आली की आईच्या जिवाला स्वस्थता. गाठ नाही आली, तर बाप आणि भाऊ काठ्या घेऊन निघायचे. मग पुढची मुलगी जाईपर्यंत ते फडकं तसंच खुंटीला.

"आता फोन आहेत ना," विनीता म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली.

"फोनवर काय, कुनीबी बरी हाय म्हनतंय," उज्वला म्हणाली. आणि जरा वेळाने, "मला एक डाव इचारायचं व्हतंत, ताई."

विचारायचं होतं. हेच ते वाक्य, आणि ते विनीताला नवं नव्हतं. दोन हजार एकवीसच्या जुलैत सावित्रीचं पाणी गावात शिरलं तेव्हा त्यांच्या तळमजल्यात छताला हात लागेल इतकं चढलं होतं. रात्रभर ती, अवधूत आणि त्यांच्याकडेच राहणारी तिची आई वरच्या मजल्यावर अंधारात बसून होते आणि खाली भांडी एकमेकांवर आपटल्याचे आवाज ऐकत होते. पाणी उतरल्यावर राहिला तो चिखल. सगळ्या महाडने आपापलं घर रस्त्यावर आणून ओतलं, गाद्या, फ्रीज, वह्या, देव्हारे. विनीताने आईची लोखंडी ट्रंक ओढत बाहेर आणली. झाकण उघडलं तर आत पातळांच्या जागी एक तपकिरी गोळा. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "विनू, धुऊन बघू या का?" आणि विनीता ओरडली, "घाण झालंय सगळं! कशाकशाला धुणारेस?" तिने ट्रंक तशीच उपडी केली, नगरपालिकेच्या ट्रकमधल्या माणसाच्या हातात गोळे दिले. एक, दोन, तीन. आई म्हणाली, "बरं. टाक." त्याच दिवसांत तळीयेची बातमी आली होती. तिकडे डोंगर खाली आला होता, माणसं गेली होती. मग इथे साड्यांसाठी रडायचं तरी कोणत्या तोंडाने? कुणीच रडलं नाही. आईही नाही. पुढच्या वर्षी आई गेली, आणि जायच्या आधी एकदाच, औषध घेताना, आपल्या नव्या रिकाम्या कपाटाकडे बघत म्हणाली होती, "कपाट हलकं झालं हो." त्या वाक्याने विनीताचा चार वर्षं पिच्छा पुरवला. टोमणा होता की दुःख होतं? रागावलीस का, हे तिने विचारलं नाही. विचारायचं होतं. आणि आता ती लोकांच्या आयांची लुगडी जपण्याचा उद्योग मांडून बसली होती, शाबासक्या मिळवत होती, आणि पुन्हा एकदा न विचारता एकीचं ट्रकमध्ये टाकल्यासारखंच झालं. लोक म्हणतात जित्याची खोड. अवधूतला तिने रात्री जेवताना सांगितलं तर तो म्हणाला, "भरपाई देऊन टाक." वकीलच तो.

त्या एका फडक्यातून तीन जाकिटं निघाली होती. एक पुतळ्यावर, दोन पुण्याला गेलेली. एका बाईंना फोन केला तर त्या जाकीट घालून बंगळूरला पोचल्या होत्या आणि तिथे सगळ्यांना फार आवडल्याचं उत्साहाने सांगत राहिल्या. दुसऱ्या बाईंनी त्यावर रंगीत दोऱ्याने मोर भरून घेतला होता. मोर! विनीताने दोघींचे आभार मानले आणि फोन ठेवला. कातरणांच्या पिशवीत हिरव्या चौकडीच्या पट्ट्या मिळाल्या, बोटभर रुंद, काही वीतभर लांब. शनिवारी उज्वला ढिगातून एक दुसरंच लुगडं काढून घेऊन आली. हिरवंच, चौकडीचंच, जवळपास तस्संच. तिने ते टेबलावर ठेवलं. "म्हातारीला मोतीबिंदू हाय," ती म्हणाली, "काय दिसतंय तिला!" आणि मशीनकडे वळली, जणू ती काही बोललीच नव्हती. विनीता त्या कापडाकडे बघत राहिली. दोनदा साबणाच्या पाण्यात उकळलं, कोपऱ्याला गाठ मारली, घरातले चार दाणे आत घातले, तर काम झालंच की. सुप्रिया त्यात बांधून जाईल, फडकं माघारी येईल, कुणाला काय कळणार? तिने खरंच त्याचं माप घेतलं. लाल काठ तोडून लावला तर कुठे लावायचा तेही ठरवलं. पाच मिनिटं ती छान सुटली होती. मग तिने सहज दोन्ही कापडं चिमटीत धरली, एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरं, डोळे मिटून, आणि बोटांना लगेच कळलं. तिच्या बोटांना कळत होतं, तर साठ वर्षं ते हाताळणाऱ्या बोटांना कळणार नव्हतं? तिने दुसरं लुगडं घडी करून ढिगात ठेवलं. "नको गं," ती म्हणाली. उज्वलाने मागे न बघताच मान हलवली.

रविवारी सकाळी तिने पिशवी भरली. जाकीट, कातरणं, कातर, सुयादोरा. आणि अगदी निघताना, काही न ठरवता, कपाट उघडून आईचं पातळ घेतलं. पुराच्या रात्री आईच्या अंगावर होतं म्हणून वाचलेलं ते एकच, जांभळं, वायलचं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. आई गेल्यापासून तिने ते एकदाही अंगावर घेतलं नव्हतं, कापायचा तर प्रश्नच नव्हता. पोलादपूरच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. हायवेवरून गार वारा येत होता, पण तिला शाळेत गृहपाठ न करता जाताना वाटायचं तसं वाटत होतं. काय म्हणेल ती बाई? रडेल का? शिव्या घातल्या तर बरं, एकदाची मोकळी होईन. गप्प बसली आणि 'बरं' म्हणाली तर? ते मात्र सोसवणार नाही, असं तिने गाडीतच ठरवून टाकलं, जसं काही ठरवणं तिच्या हातात होतं.

पोलादपूरच्या स्टँडवर महिपत घ्यायला आला होता. अर्धा रस्ता रिक्षाने आणि पुढची चढण पायी. वाटेत करवंदाच्या जाळ्या, उन्हाने पिवळं पडलेलं गवत, खाली दरीत कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा. तिसऱ्या वळणावर महिपत थांबून म्हणाला, "ताई, एक बोलू? तुमी आईला सांगू नका हां."

"काय?"

"ते फडकं आईनं नव्हतं दिलं. मीच खुंटीवरनं काढलं. गोनी फाटली व्हती, गाडी चुकत व्हती. म्हटलं, ह्यात बांधू, चार दिसांनी जाऊन घिऊन येऊ. मग राह्यलं. आनि आईनं इचारलं तर मी म्हनलो, महाडच्या बाईंनी नमुना बघायला मागितलंय." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "तीन आठवडं झोप नाय ताई. घरची पोरगी जायची, आनि फडकं मी कपड्याच्या ढिगात धाडलं. पन तुमी धुऊनबिऊन आनलंत, लय उपकार झाले."

विनीताला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. म्हणजे त्या दिवशी उंबऱ्यावर दोघंही एकमेकांना थापा मारत होती! "महिपतदादा," ती म्हणाली, "ते मी धुतलं नाहीये. कापलंय." आणि पिशवीतून जाकीट काढून त्याच्यासमोर धरलं. महिपतने ते बघितलं. मग त्याला पुतळा आठवला असावा. तो वाटेवरच्या दगडावर मटकन बसला. जरा वेळाने म्हणाला, "मेलो." आणखी जरा वेळाने म्हणाला, "चला. दोघं मरू."

येसूबाई ओटीवर पाय पसरून बसली होती. किडकिडीत, काळी, कानांत जड बुगड्या, डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला हिरवा चष्मा. सुप्रियाने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि विनीताच्या ड्रेसचं कापड हळूच बघून घेतलं. अंगणात दोन शेळ्या मांडवासाठी आणलेल्या आंब्याच्या डहाळ्यांकडे डोळा ठेवून होत्या. विनीताला वाटलं, आधी इकडचं तिकडचं बोलावं. पण तिने तसं केलं नाही. जाकीट म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "येसूबाई, मी ते कापलं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. त्याची तीन जाकिटं झाली, दोन पुण्याला गेली, परत मिळत नाहीत. एवढंच उरलंय."

येसूबाईने जाकीट चाचपलं. पाठ चाचपली, गळपट्टी चाचपली, मग दोन्ही भोकांमधून हात आरपार घातले. "ह्येला हात कुठं हायत गो?"

"बिनबाह्यांचं आहे."

"बिनबाह्यांचं," येसूबाई म्हणाली. तिचा चेहरा हलला नाही. महिपतला ते सहन झालं नाही. "आये, त्यांचा दोष नाय. खुंटीवरनं मीच—"

"ठावं हाय मला," म्हातारी म्हणाली. "खुंटी मोकळी दिसत नाय व्हय? तीन आठवडं बघतेय, ह्यो कधी तोंड उघडतोय. नमुना बघायला नेलाय म्हनं. तूच एक नमुना." सुप्रिया आत जाऊन हसली, ते बाहेर ऐकू आलं. येसूबाईने चष्मा वर केला आणि विनीताकडे बघितलं. "ते ऱ्हाऊ दे. तांदूळ कुठं हायत?"

फडक्याची चिंधी न् चिंधी विनीताने गोळा करून आणली होती, पण तांदूळ तिच्या मनातही आले नव्हते. "कुणाचे होते ते?" तिने विचारलं. विचारायला उशीर झाला होता, तरी विचारलं.

"धाकटीचे. संजीवनीचे. विरारला असते. चौदा वर्सं झाली."

"मी ते..." विनीता म्हणाली. "चिमण्यांना टाकले."

"खाल्ले का त्यांनी?"

"हो. लगेच."

"समदे?"

"सगळे."

येसूबाई हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. "मंग झालं की गो बाय! आमी काय ते जपून ठेवतो व्हय? पुढली पोरगी निघायच्या आधी आदलीची गाठ सोडायची आनि दानं पाखरांना घालायचं. तिची गाठ मोकळी करून द्यायची. आदलीचा घास हिच्या वाटंत नको. आता शुक्रवारी सकाळी ते कराया बसले असते, ते तू आधीच केलंस." मग तिने जाकीट पुन्हा चाचपलं, मधला तो बारीक जोड तिच्या बोटांना सापडला. "आनि फडक्याचं काय सांगू तुला! माझ्या सासूनं दिलं तवा हितनं त्या गोठ्यापातूर लांब व्हतं. निम्मं म्हशीनं खाल्लं."

"म्हशीने?"

"वाळत घातलं व्हतं, तिनं दावं तोडलं. ती म्हस तीन दिस रवंथ करंना. समदी वाडी गोठ्यात बसून. आमी फडक्याला नाय रडलो गो, म्हशीला रडलो. ती उठली तवा पेढं वाटलं. मंग उरल्यात माझ्या चोळीचं कापड जोडलं, त्यात दोघी गेल्या." तिने जाकीट विनीताच्या हातात दिलं. "शिवती ना तू? मंग बस. चहा घे आनि बस."

विनीता बसली. तिचा श्वास इतका खोल गेला की आपण गुरुवारपासून नीट श्वास घेतलाच नव्हता हे तिला तेव्हा कळलं. तिने जाकिटाची शिवण उसवली, पाठ मोकळी केली, कातरणांच्या पट्ट्या एकीला एक लावल्या. तरी फडकं भरेना. मधे हातभर जागा राहत होती. मग तिने पिशवीतून जांभळं पातळ काढलं. येसूबाईने हात पुढे करून ते चिमटीत धरलं.

"कुनाचं ह्ये?"

"आईचं."

"हाय का ती?"

"नाही. चार वर्षं होतील."

"मंग तुला ठेव गो. आमी दुसरं जोडू."

"ठेवलंच आहे," विनीता म्हणाली. "कपाटात."

"कपाटात काय करतंय ते?" येसूबाईने विचारलं. अगदी साधं, गुरं कुठे चरायला गेलीत असं विचारावं तसं. विनीताने कातर घेतली. आता काहीतरी दुखेल म्हणून ती थांबली, पण दुखलं नाही. कातरीचा तोच ओळखीचा आवाज आला आणि वायलचा पदर सरळ रेषेत मोकळा झाला. कपाट हलकं झालं हो. आईचा आवाज तिला ऐकू आला, औषधाच्या पेल्याआडून, जरा दमलेला, जरा मिश्कीलसुद्धा. सत्तर वर्षांची बाई, आयुष्यभर कपाटं लावलेली. हलकं झालं म्हणजे हलकं झालं. तिला तसंच म्हणायचं असेल. नसेलही. पण असू शकतं, हे इतकी वर्षं विनीताच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता आल्यावर ते जायला तयार नव्हतं. तिने सुई ओवली. धावदोरा घालत ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत शिवत राहिली, आणि शेवटची बाजू सुप्रियाने शिवली, तिचे टाके वाकडे आले तरी कुणी उसवले नाहीत.

लग्नाला ती गेली. मुलगी तुडीलला दिली होती, नदीकाठच्या भातशेतीच्या घरात. जीपमध्ये चढताना सुप्रियाच्या काखेत ते बोचकं होतं, हिरवं, जांभळं आणि काठाचं लाल. रडता रडता तिने ते एकदा घट्ट दाबून धरलं आणि विनीता दुसरीकडे बघायला लागली.

त्यानंतर बाराव्या दिवशी डेपोतून फोन आला, तुमच्या नावाचं काहीतरी आलंय. विनीता उज्वलाला मशीन बंद करायला सांगून तशीच चालत गेली. तुडीलच्या गाडीच्या कंडक्टरने खिडकीतून एक घडी हातात दिली. पिशवी नव्हती, चिठ्ठी नव्हती. धुऊन वाळवलेलं फडकं, उन्हाचा वास येत असलेलं, आणि कोपऱ्याला सुपारीएवढी गाठ. तिने तिथेच महिपतला फोन लावला. "माझ्याकडे चुकून आलंय," ती म्हणाली.

"चुकून नाय ताई. आईनं सुप्रियाला सांगितलं व्हतं. निम्मं फडकं तुमच्या घरचं, तर आधी तिकडं धाड, मंग हिकडं. ती गाठ तुमच्यासाठीच हाय."

घरी येऊन तिने दार लोटलं. गाठ दातांनी सोडवली नाही, नखाने हळूहळू सोडवली. जाडसर, नव्या तांदळाचे दाणे तळहातावर आले. तिने ते मोजले नाहीत. पुढची मुलगी निघेपर्यंत थांबायचं असतं, हे तिला आता माहीत होतं. पण तिच्या घरातून आता कोण निघणार होतं? निम्मे तिने खिडकीच्या कट्ट्यावर टाकले आणि निम्मे त्या दिवशीच्या भातात. अवधूत जेवून उठला, त्याला काही वेगळं लागलं नाही. मग तिने डब्यातून आपल्या घरच्या तांदळाची चिमूट घेतली, त्याच कोपऱ्यात बांधली, दोनदा ओढून बघितली, आणि संध्याकाळच्या पोलादपूर गाडीशी जाऊन उभी राहिली.

"काय आहे ह्यात?" कंडक्टरने फडकं हातात तोलत विचारलं. "रिकामंच दिसतंय."

"नाही, रिकामं नाही," विनीता म्हणाली. "वरच्या वाडीत येसूबाईंना द्या. म्हणावं, विनीता पोचली."

आणि मग तिला एकदम भरून आलं, तिथेच स्टँडवर, लोकांच्या देखत, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी, आणि तिने ते येऊ दिलं.